घडीची स्टेपनी : मोटारगाडीच्या जादा चाकाचा इतिहास

मोटारगाडीच्या पहिल्या दोन दशकांत जादा चाक ही वस्तूच अस्तित्वात नव्हती, कारण चाक गाडीपासून सुटे करून त्याजागी दुसरे बसवावे ही कल्पना त्या काळच्या बांधणीत बसत नव्हती. घोडागाडीच्या सुतारकामातून आलेले लाकडी आऱ्यांचे चाक आसावर कायमचे बसवलेले असे, आणि टायर फुटला तर चाक जागच्या जागी ठेवून रिमवरचा टायर तेवढा उतरवावा लागे. हवेने फुगवलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच घेतले होते. पण ते व्यवहारात उतरले नाही, आणि जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलीसाठी तशीच रचना नव्याने केली तेव्हाच ती रूढ झाली. पुढे आंद्रे आणि एदुआर मिशलँ या फ्रेंच बंधूंनी १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार उतरवली. वाटेत टायर वारंवार फुटले आणि गाडी ठरलेल्या मुदतीत परतू शकली नाही, तरीही सायकलीची ही युक्ती मोटारीचे ओझे पेलू शकते एवढे त्या प्रयोगाने दाखवून दिले. हवेचा टायर आला आणि त्याच्या मागोमाग पंक्चरही मोटारीच्या मागे लागले.

त्या काळच्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा घोडे कितीतरी अधिक होते, त्यांच्या नालांचे निखळलेले खिळे जागोजागी पडलेले असत आणि टायरच्या कापडी थरांत ते सहज घुसत. दुरुस्तीची रीत ठरलेली होती. टॉमीने, म्हणजे चपट्या टोकाच्या लोखंडी दांडीने, टायरचा ताठ काठ रिममधून उचकटायचा, आतली ट्यूब ओढून काढायची, छिद्र शोधून त्यावर ठिगळ चिकटवायचे, खिळा टायरमध्ये अजून रुतून राहिलेला नाही ना हे आतून चाचपून पाहायचे, मग टायर पुन्हा चढवून हातपंपाने हवा भरायची. हे सारे चाक गाडीला जोडलेले असतानाच, म्हणजे धुळीत गुडघे टेकून करावे लागे. श्रीमंत मोटारमालक पगारी शोफर बाळगत त्यामागे गाडी चालवण्याच्या कौशल्याइतकाच या अंगमेहनतीचाही वाटा होता.

या अडचणीवर व्यापारी यश मिळवणारा पहिला तोडगा वेल्समधील लानेली या गावातून निघाला. थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी १९०४ मध्ये आरे आणि तुंबा नसलेली एक रिम तयार केली, जिच्यावर टायर आधीच चढवून त्यात हवा भरून ठेवलेली असे. पंक्चर झालेल्या चाकाला हात न लावता ही रिम त्याच्या बाहेरच्या अंगाला पकडींनी आवळून बसवली जाई, आणि गाडीचा भार या नव्या टायरवर पडून ती पुढे जाऊ लागे. बंधूंचे दुकान लानेलीच्या स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून चाकाचे नाव ‘स्टेपनी स्पेअर मोटर व्हील’ पडले. ब्रिटिश साम्राज्यातील व्यापाराबरोबर ते भारतात पोहोचले, आणि मूळ वस्तू बाजारातून नाहीशी होऊन कित्येक दशके लोटली तरी महाराष्ट्रातील गॅरेजांत कोणत्याही जादा चाकाला स्टेपनीच म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या पाहता मूळ स्टेपनी हे गॅरेजपर्यंत पोहोचवणारे तात्पुरते चाक होते, आणि पुढे साठ-सत्तर वर्षांनी ‘तात्पुरते जादा चाक’ ही कल्पना नवी म्हणून मांडली गेली तेव्हा तिचा हा पूर्वज बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता.

स्टेपनीला मागे टाकले ते सुट्या होणाऱ्या रिमने आणि नंतर सुट्या होणाऱ्या चाकाने. १९०६ च्या जून महिन्यात ल मान्स येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये फेरेन्स सिस याने चालवलेल्या रेनो गाडीला मिशलँची सुटी रिम लावलेली होती. इतर बहुतेक गाड्यांचे चालक आणि त्यांचे सहकारी फाटलेला टायर चाकूने कापून नवा चढवण्यात पंधरा-पंधरा मिनिटे घालवत असताना रेनोचे काम काही नट सैल करून हवा भरलेली रिम बसवण्यावर भागत होते. दोन दिवस चाललेली, बाराशे किलोमीटरहून लांब पल्ल्याची ती शर्यत सिसने जिंकली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रज-व्हिटवर्थ या सायकल बनवणाऱ्या कंपनीने मधला एकच मोठा नट सोडून संपूर्ण चाक काढता येईल अशी तारांच्या आऱ्यांची चाके बाजारात आणली. चाक सुटे झाल्यावर पाचवे चाक जवळ बाळगणे ओघानेच आले, आणि पुढचे अर्धे शतकभर प्रश्न उरला तो ते ठेवायचे कुठे एवढाच.

सुरुवातीस ते गाडीच्या पायरीवर पट्ट्याने बांधले जाई, मग पुढच्या मडगार्डात खळगा करून तेथे उभे केले जाऊ लागले, आणि महागड्या गाड्यांना दोन्ही बाजूंना अशी दोन चाके मिरवण्याची हौस असे. १९३० च्या दशकात पत्र्याची बंद डिक्की गाडीच्या आकाराचाच भाग झाली तेव्हा जादा चाकही तिच्यात जाऊन दिसेनासे झाले. त्याला वाहनाचा अविभाज्य घटक मानले जात होते याचा सर्वांत बोलका पुरावा युद्धकाळातील अमेरिकेत सापडतो. जपानने मलायावर चढाई केल्यामुळे रबराचा पुरवठा तुटला आणि जानेवारी १९४२ मध्ये तेथे रेशनिंग लागू झालेली पहिली वस्तू टायर ही होती. पेट्रोलचे कूपन हवे असल्यास प्रत्येक गाडीमागे पाचांहून अधिक टायर जवळ नसल्याचे मालकाला लिहून द्यावे लागे आणि जास्तीचे टायर सरकारला विकावे लागत. एवढ्या टंचाईतही पाचवा टायर साठेबाजीत मोजला गेला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

युद्धानंतर दोन गोष्टी हळूहळू बदलल्या. ट्यूबलेस टायर आणि रेडियल टायर आल्याने, तसेच डांबरी रस्त्यांचे जाळे पसरल्याने पंक्चर होण्याचे प्रमाण घटले. आणि गाड्या बसक्या होत गेल्याने डिक्की उथळ झाली. १९६४ मध्ये फोर्डची मस्टँग आल्यावर अमेरिकेत लांब नाकाच्या व आखूड शेपटीच्या, तरुण ग्राहकांना भुरळ घालणाऱ्या गाड्यांची लाट उसळली. या गाड्यांच्या डिक्कीत पूर्ण आकाराचे जादा चाक ठेवले की सामानाला फारशी जागा उरत नसे. यावर बी. एफ. गुडरिच या अमेरिकी टायर कंपनीने जो उपाय काढला तो १९६७ च्या पाँटिअॅक फायरबर्डबरोबर ग्राहकांसमोर आला, आणि त्याचे नाव ‘स्पेस सेव्हर’, म्हणजे जागा वाचवणारा, असे होते. पुढच्या काही वर्षांत हा घडीचा टायर शेव्हरोले कॅमारो, फोर्ड मस्टँग यांसारख्या त्याच वर्गातील इतर गाड्यांतही मिळू लागला.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. साधा टायर साच्यातून निघतो तो फुगलेल्या टायरच्याच आकाराचा, आणि हवा काढली तरी त्याची भिंत, म्हणजे रिमपासून नक्षीच्या पट्ट्यापर्यंतचा बाजूचा भाग, बहुतांशी आपला आकार टिकवून धरते. घडीच्या टायरचा मूळ आकारच दुमडलेला असतो. त्याच्या दोन्ही भिंती आतल्या बाजूला वळलेल्या असतात, त्यामुळे नक्षीचा पट्टा रिमच्या अगदी जवळ येऊन बसतो आणि हवा नसताना संपूर्ण चाक सुकलेल्या अंजिरासारखे आक्रसलेले दिसते. हवा आत शिरू लागली की घडी उलगडते, भिंती बाहेर येतात, पट्टा रिमपासून दूर सरकतो आणि व्यास मूळ चाकाच्या व्यासाजवळ पोहोचतो. हवा सोडली की रबर आणि त्यातील दोऱ्यांचे थर आपल्या मूळ, म्हणजे दुमडलेल्या, आकाराकडे परततात. मात्र हे परतणे सावकाश होते, आणि व्हॉल्व्हमधली पिन काढून ठेवल्यावरही टायर पुन्हा आपल्या खळग्यात बसण्याइतका आक्रसायला बराच वेळ लागतो.

फायरबर्डच्या ग्राहकाला या चाकाबरोबर दाबाखाली वायू भरलेली एक बाटली मिळत असे. जॅक लावून गाडी उचलायची, पंक्चर झालेले चाक उतरवायचे, दुमडलेले चाक त्याच अवस्थेत बसवून नट आवळायचे, बाटलीचे तोंड व्हॉल्व्हवर घट्ट बसवून वायू आत सोडायचा, आणि घडी पूर्ण उलगडल्यावरच गाडी खाली घ्यायची, असा क्रम होता. या क्रमाला तांत्रिक कारण होते: अर्धवट फुगलेल्या टायरवर भार पडला तर भिंतीतील वळी तशीच दाबली जाते आणि काठ रिमवर नीट बसत नाही. बाटलीच्या अडचणी दोन होत्या. एक, ती एकदाच वापरता येई, आणि दुसरे पंक्चर होण्यापूर्वी नवी आणून ठेवण्याचे भान मालकाला राखावे लागे. दोन, बंद भांड्यातील वायूचा दाब तापमानाबरोबर उतरतो, त्यामुळे अमेरिकेच्या उत्तरेकडील गोठवणाऱ्या हिवाळ्यात, म्हणजे मदतीची गरज सर्वांत अधिक असताना, बाटलीचा जोर सर्वांत कमी असे. शिवाय वायू प्रसरण पावताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो आणि बाटली हाताला चटका बसावा इतकी गार पडते, हेही चालकाला प्रथमच वापरताना कळे.

टायर म्हणून या वस्तूत फारशी खोट नव्हती. ठरवून दिलेल्या मर्यादेत, म्हणजे कमी वेगाने आणि जवळच्या अंतरापुरती, ती आपले काम करीत असे. तिने घडवलेला खरा बदल निराळा होता. पूर्ण आकाराचे जादा चाक ही कारखान्यात पुरी झालेली तयारी होती, रस्त्यावर फक्त अदलाबदल उरे; घडीच्या टायरने या तयारीचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक टप्पा कारखान्यातून काढून रस्त्याच्या कडेला, बहुधा अंधारात, उभ्या असलेल्या माणसाकडे सोपवला. डिक्कीतील जागेचा लाभ रोजचा होता आणि त्याची किंमत क्वचितच, पण एकदम चुकवावी लागे. विक्रीच्या दालनात ग्राहकाला लाभ दिसे, किंमत दिसत नसे. या टायरचा प्रसार तेवढ्यावर झाला असे म्हटले तर ते अन्यायाचे ठरू नये.

युरोपात या कल्पनेला अधिक चिकाटीचा आश्रयदाता मिळाला तो पोर्शे. ९११ या गाडीचे इंजिन मागे असल्याने तिची डिक्की पुढे आहे, आणि सुरुवातीच्या ९११ मध्ये पूर्ण आकाराचे जादा चाक पुढच्या बॉनेटखाली, पेट्रोलच्या टाकीला लागून असलेल्या खळग्यात आडवे ठेवलेले असे. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीस सुमारे ८० लिटरची मोठी टाकी बसवायचे ठरल्यावर ही जागा अपुरी पडू लागली आणि घडीचा टायर स्वीकारला गेला. पोर्शेने एकदाच वापरायच्या बाटलीऐवजी सिगारेट लायटरच्या खोबणीतून वीज घेणारा छोटा पंप दिला, ही सुधारणा वरवर किरकोळ वाटली तरी महत्त्वाची होती, कारण पंप थंडीत दगा देत नाही आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो. पुढील पिढ्यांत या गाडीबरोबर नेदरलँड्समधील फ्रेडेश्टाइन या कंपनीचा ‘स्पेस मास्टर’ हा घडीचा टायर येऊ लागला. नव्वदच्या दशकातील गाड्यांत तो २.५ बार, म्हणजे सुमारे ३६ पौंड, दाबाने फुगवायचा असे, आणि त्यावर ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा छापलेली असे.

मात्र एक पेच सुटला नाही. घडीच्या चाकासाठी केलेला खळगा लहान असल्याने त्यात पंक्चर झालेले मूळ चाक मावत नाही, आणि ९११ चे मागचे रुंद चाक तर पुढच्या डिक्कीत कुठेच बसत नाही. चिखलाने माखलेले ते धूड प्रवाशाच्या आसनावर किंवा मागच्या लहानशा बैठकीवर ठेवण्यावाचून पर्याय नसे, आणि गाडीत दोघे प्रवास करीत असतील तर दुसऱ्याची सोय कशी लावायची याचे उत्तर मालकानेच शोधायचे.

दरम्यान सामान्य गाड्यांनी वेगळी वाट धरली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने डिसेंबर १९७५ मध्ये कायदा करून गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर १९७८ च्या मॉडेल वर्षापासून बंधन घातले, आणि प्रत्येक किलो वजनाचा हिशेब होऊ लागला. त्यातून अरुंद, हलके, पण नेहमी हवा भरून ठेवलेले तात्पुरते चाक आले, ज्याच्या मापाआधी तात्पुरतेपणाचे ‘टी’ हे अक्षर छापलेले असते. अरुंद टायरला भार पेलता यावा म्हणून त्यात ६० पौंड, म्हणजे ४.२ बार, इतका चढा दाब ठेवतात. घडी उलगडण्याची कटकट यात नसल्याने बहुसंख्य गाड्यांत हेच चाक स्थिरावले. त्याचा व्यास मूळ चाकाहून लहान असला तर इंजिनाची शक्ती जाणाऱ्या आसावर ते बसवल्यास डिफरन्शियलला, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दंतचक्रांच्या जुळणीला, सरळ रस्त्यावरही सतत काम करावे लागते. घडीच्या टायरचा व्यास मूळ चाकाच्या जवळपास येत असल्याने हा दोष त्यात कमी असे. बसकी स्पोर्ट्स गाडी आणि अवजड एसयूव्ही या दोन टोकांना तो टिकून राहिला तो जागेच्या या गणितामुळे आणि या गुणामुळे. मर्सिडीजच्या खुल्या टपाच्या गाड्या, फोक्सवॅगन टुआरेग, आउडी क्यू-७ आणि पोर्शे कायेन यांच्यात तो एकविसाव्या शतकातही आढळतो. फ्रेडेश्टाइन ही कंपनी २००९ मध्ये अपोलो टायर्स या भारतीय उद्योगाने विकत घेतली, त्यामुळे भारतीय रस्त्यांवर क्वचितच दिसणाऱ्या या टायरची मालकी मात्र भारतात आली.

भारतात पूर्ण आकाराच्या स्टेपनीचा आग्रह दीर्घकाळ टिकला, कारण घाटातून, कच्च्या रस्त्याने आणि गॅरेजविरहित पट्ट्यांतून जाणाऱ्या माणसाला अर्धवट उपाय परवडत नाही. तरीही येथेही बदल आला. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, टायरमधील दाब सतत मोजणारी यंत्रणा आणि पंक्चर बुजवण्याचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला जादा चाक नसले तरी चालेल अशी मुभा देण्यात आली. विद्युत वाहनांच्या बॅटरीसाठी जागा मोकळी होणे हा त्यातील एक लाभ सांगितला गेला. अशा संचातील चिकट द्रव नक्षीच्या पट्ट्यातले लहान छिद्र बुजवतो, पण दगडाच्या धारेने चिरलेल्या भिंतीपुढे तो हतबल असतो.

आज घडीचा टायर ही प्रामुख्याने जुन्या गाड्यांच्या मालकांची समस्या आहे, आणि ती वापराने नव्हे तर न वापरल्याने निर्माण झालेली आहे. रबरात मिसळलेली संरक्षक मेणे टायर फिरताना, लवताना पृष्ठभागावर येतात आणि हवेतील ओझोनपासून त्याचे रक्षण करतात; वर्षानुवर्षे पडून असलेल्या टायरला हे संरक्षण मिळत नाही, आणि घडीच्या टायरमध्ये तर वळीच्या रेषेवर ताण कायम साचलेला असतो. त्यामुळे नक्षी कोरी करकरीत असूनही वळीत बारीक भेगा पडलेल्या असू शकतात, ज्या दुमडलेल्या अवस्थेत दिसत नाहीत आणि फुगवतानाच उघड्या पडतात. निर्मितीचा काळ भिंतीवरील अंकांवरून कळतो: २००० पासूनच्या टायरवर शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, त्याआधी तीनच अंक असत. दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी टायर, जादा चाकासह, बदलावा असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. जाणकार गॅरेजवाले म्हणूनच असा टायर वर्षातून एकदा गाडीवर चढवून, स्वतः समोर न थांबता बाजूला उभे राहून, पूर्ण फुगवून पाहतात, आणि त्याच वेळी पंप व लायटरची खोबण दोन्ही चालतात याची खात्री करून घेतात. साठीच्या दशकातील वायूच्या बाटलीवर मात्र कोणी विसंबू नये; तिचे स्थान आता शोभेच्या वस्तूंत आहे.

बोल्टांकडे दुर्लक्ष होते, ते अधिक धोक्याचे आहे. मिश्रधातूच्या जाड चाकांना लांब बोल्ट लागतात, तर घडीचे चाक बहुधा पातळ पोलादी असल्याने त्याच्यासाठी आखूड बोल्ट वेगळे दिलेले असतात. काही मर्सिडीज गाड्यांत ते अवजारांच्या पिशवीतच सापडतात. लांब बोल्ट पातळ चाकातून आवळले तर त्यांची टोके पलीकडे निघून हातब्रेकच्या यंत्रणेला घासू शकतात. जुनी गाडी तीन-चार मालकांच्या हातून गेली की ही आखूड बोल्टांची पुडी हमखास हरवलेली असते. पर्याय म्हणून दुसऱ्या गाडीचे अरुंद चाक आणायचे तर बोल्टांच्या वर्तुळाचे माप, मधल्या छिद्राचा व्यास आणि चाक आत-बाहेर किती बसते ते ठरवणारा ऑफसेट ही तिन्ही जुळावी लागतात, आणि ते चाक ब्रेकच्या कॅलिपरला न घासता फिरले पाहिजे. हे सारे जुळवूनही ते खळग्यात मावत नाही असाच अनुभव अनेकदा येतो. त्यामुळे अशा गाड्यांचे कित्येक मालक प्रदर्शनापुरता मूळ दुमडलेला टायर त्याच्या जागी ठेवतात आणि लांबच्या प्रवासाला निघताना पंक्चर बुजवण्याचा संच, पंप आणि टो करणाऱ्याचा फोन नंबर बरोबर घेतात.